‘जनरल हॉस्पिटल’ बघायला बसताय? मग आधी एवढं वाचा

अमेरिकेत नव्याने राहायला आलेल्या, मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या किंवा डिपेंडंट व्हिसावर घरात अडकलेल्या मंडळींना दुपारी टीव्ही लावला की ही मालिका हमखास भेटते. एबीसी वाहिनी, सोमवार ते शुक्रवार. दोन मिनिटं बघितलं तर कुणीतरी रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये कुणाच्या तरी कानाखाली वाजवत असतं आणि मागे उभा असलेला माणूस ‘तू तर मेला होतास!’ म्हणत असतो. कुठून धरायचं हेच कळत नाही.

‘जनरल हॉस्पिटल’ १ एप्रिल १९६३ रोजी सुरू झाली. सध्या चालू असलेल्या अमेरिकन सोपमध्ये, म्हणजे तिकडच्या रोजच्या कौटुंबिक मालिकांमध्ये, हीच सर्वात जुनी. जून २०२२ मध्ये तिचा १५,००० वा भाग झाला. ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांच्या पुढे गेली तेव्हा आपल्याकडे कौतुक झालं आणि विनोदही झाले. हा प्रकार त्याच्या जवळपास पाचपट आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून टाका, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. पडद्यावर काही अचाट घडलं की त्याचं कारण कथेत शोधू नका, पडद्यामागे शोधा. कुणाचा करार संपला, कुठली निर्माती आली, टीआरपी कधी घसरला, कोर्टात कोण गेलं. या मालिकेचा खरा इतिहास तिथे आहे.

पायरी १ : पहिल्या भागापासून बघायचा हट्ट सोडा

मराठी माणसाला कुठलीही गोष्ट ‘पहिल्यापासून’ लागते. इथे ते जमणार नाही. वर्षाला साधारण अडीचशे भाग, साठ वर्षांहून अधिक काळ. शिवाय साठच्या दशकातले भाग घरबसल्या सलग बघायला मिळतील अशी सोयच नाही. अमेरिकेतही कुणी ही मालिका अशी बघत नाही. लोक तिच्यात मधेच शिरतात, बहुतेक वेळा आईच्या किंवा आजीच्या शेजारी बसून, आणि मागचं विचारत विचारत पुढे सरकतात. तुम्हालाही तसंच करायचं आहे. विचारायला आजी नसेल, म्हणून या पायऱ्या.

पायरी २ : साबणाचा हिशेब

हे अनेकांना ठाऊक असतं, म्हणून थोडक्यात. १९३० च्या दशकात दुपारी घरी असणाऱ्या गृहिणींसाठी रेडिओवर कौटुंबिक श्रुतिका चालत. त्यांचे प्रायोजक साबण आणि धुण्याची पावडर विकणारे. प्रॉक्टर अँड गॅम्बल त्यात आघाडीवर. म्हणून ‘सोप’. या प्रकाराची घडण केली इर्ना फिलिप्स या लेखिकेने. तिची ‘गायडिंग लाइट’ जानेवारी १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये टीव्हीवर आली आणि सप्टेंबर २००९ मध्ये संपली. बहात्तर वर्षं! ‘जनरल हॉस्पिटल’ला तो आकडा अजून गाठायचा आहे. मात्र ही साबणवाल्यांच्या मालकीची कधीच नव्हती, ती एबीसी वाहिनीची स्वतःची. वाहिनीच्या डोक्यात बदल झाला की मालिकेत लगेच का दिसतो, हे त्यावरून कळतं.

पायरी ३ : सातवा मजला

सुरुवातीची मालिका नावाप्रमाणेच रुग्णालयाची होती. फ्रँक आणि डोरिस हर्स्ली या नवरा-बायकोने ती रचली. जवळपास सगळी गोष्ट रुग्णालयाच्या सातव्या मजल्यावर घडायची. डॉ. स्टीव्ह हार्डी आणि परिचारिका जेसी ब्रूअर ही दोन मुख्य पात्रं. अर्ध्या तासाचा भाग, मोजके सेट, भरपूर संवाद. त्याच दिवशी, म्हणजे १ एप्रिल १९६३ लाच, एनबीसीवर ‘द डॉक्टर्स’ नावाची दुसरी वैद्यकीय मालिकाही सुरू झाली होती. तीही बराच काळ चालली, पण आज ती कुणाला आठवते?

डॉ. हार्डी झालेले जॉन बेराडिनो आधी व्यावसायिक बेसबॉल खेळाडू होते. १९४८ ची वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या क्लीव्हलँडच्या संघात ते होते. १९९६ मध्ये मरण येईपर्यंत त्यांनी हीच भूमिका केली. तेहतीस वर्षं एकच डॉक्टर. एमिली मॅक्लॉफ्लिन यांनीही जेसी ब्रूअर १९९१ मध्ये निधन होईपर्यंत सोडली नाही. या काळाबद्दल नव्या प्रेक्षकाने एवढंच जाणलं तरी पुरे. गावाला ‘पोर्ट चार्ल्स’ हे नावसुद्धा नंतर, सत्तरच्या दशकात मिळालं. गाव काल्पनिक, न्यूयॉर्क राज्यातलं. चित्रीकरण मात्र लॉस एंजेलिसमध्ये. पात्रं बर्फात कुडकुडत असतात तेव्हा स्टुडिओबाहेर लख्ख ऊन असतं.

जाता जाता आपल्याकडचा धागा. केबल आल्यावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टार प्लसवर ‘सांता बार्बरा’ लागायची. मुंबई-पुण्यातल्या त्या पिढीला ती आठवत असेल. तिची निर्मिती ब्रिजेट आणि जेरोम डॉब्सन यांची. ब्रिजेट ही हर्स्ली दांपत्याची मुलगी, आणि आई-वडिलांच्या या मालिकेचं लेखन तिने आधी केलं होतं. म्हणजे या घराशी तुमची जुनी, लांबून का होईना, ओळख आहे.

पायरी ४ : ग्लोरिया मॉन्टी हे नाव पाठ करा

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मालिका धापा टाकत होती. अर्ध्या तासाचा भाग जुलै १९७६ मध्ये पंचेचाळीस मिनिटांचा झाला. पण प्रेक्षक काही वाढेनात. बंद करण्याचा विचार सुरू होता. जानेवारी १९७८ मध्ये भाग पूर्ण एका तासाचा केला गेला आणि त्याच सुमारास सूत्रं ग्लोरिया मॉन्टी यांच्या हाती आली.

बाईंनी काय केलं? वेग वाढवला. आधी दोन पात्रं कॉफी घेत दहा मिनिटं बोलायची. आता दृश्यं लहान झाली, कॅमेरा हलू लागला, प्रकाशयोजना सिनेमासारखी झाली, सेट बदलले. रुग्णालयातल्या पोक्त डॉक्टरांकडून गोष्ट तरुण पात्रांकडे सरकली. लेखक डग्लस मारलंड यांनी क्वार्टरमेन हे श्रीमंत, भांडखोर घराणं आणलं. आणि दुपारी टीव्ही म्हणजे गृहिणी हे समीकरण मोडलं: शाळा सुटल्यावर पोरं धावत घरी येऊ लागली, कॉलेजच्या वसतिगृहांत सामाईक टीव्हीपुढे गर्दी होऊ लागली. एक-दोन वर्षांत मालिका पहिल्या क्रमांकावर गेली आणि ऐंशीच्या दशकाचा बराच काळ तिथेच राहिली.

मग मॉन्टीबाईंचा हात सुटला. १९८१ च्या उन्हाळ्यात मालिकेत चक्क जग गोठवणारं यंत्र आलं. ‘आइस प्रिन्सेस’ नावाचा हिरा, एका बेटावर दडून बसलेला मिकोस कॅसाडाइन, आणि पहिला हल्ला पोर्ट चार्ल्सवरच. भर उन्हाळ्यात गावात बर्फ! रुग्णालयाच्या मालिकेत हे कशाला, असं विचारणारे तेव्हाही होते. पण शाळांना सुट्ट्या होत्या आणि पोरं दुपारी घरी होती. उत्तर तिथे आहे. तेव्हापासून हेर, गुप्त संघटना, बेटं आणि बंकर हे या मालिकेच्या अंगात भिनलं. १९९० मध्ये केसी नावाचा परग्रहवासीही येऊन गेला. त्यावर मी जास्त बोलणार नाही.

पायरी ५ : ल्यूक आणि लॉरा, पण उघड्या डोळ्यांनी

कुणीही अमेरिकन तुम्हाला या मालिकेबद्दल पहिली गोष्ट सांगेल ती ल्यूक आणि लॉराच्या लग्नाची. १६ आणि १७ नोव्हेंबर १९८१, दोन दिवस चाललेला सोहळा. सुमारे ३ कोटी लोकांनी बघितला. अमेरिकेतल्या दुपारच्या सोपच्या इतिहासात एवढा प्रेक्षकवर्ग आधी नाही आणि नंतरही नाही. मिकोसची विधवा हेलेना कॅसाडाइन होऊन प्रत्यक्ष एलिझाबेथ टेलर आल्या, त्या स्वतःच मालिकेच्या चाहत्या होत्या, आणि नवदांपत्याला शाप देऊन गेल्या. लॉराचा आधीचा नवरा स्कॉटी याने पुष्पगुच्छ झेलला आणि मारामारी झाली. त्याच वर्षी हे दोघे ‘न्यूजवीक’च्या मुखपृष्ठावर झळकले होते.

सांगणारे बहुधा त्याआधीचं सांगत नाहीत. १९७९ मध्ये, कॅम्पस डिस्कोच्या रिकाम्या दालनात, ल्यूकने लॉरावर बलात्कार केला होता. मागे हर्ब अल्पर्टची ‘राइज’ ही धून वाजत होती. त्या प्रसंगामुळे धूनही गाजली आणि त्याच ऑक्टोबरात लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिली आली. लॉरा झालेली जिनी फ्रान्सिस तेव्हा सतरा वर्षांची होती. ल्यूक हे पात्र खरं तर थोड्या दिवसांचं. पण अँथनी गियरी प्रेक्षकांना इतके आवडले की त्याला ठेवायचं ठरलं. ठेवायचं तर नायक करावं लागणार, आणि नायक करायचं तर घडलेलं पुसावं लागणार. मग ‘तो मोह होता’ अशी भाषा सुरू झाली आणि बलात्कार करणारा प्रेमवीर ठरला.

मला वाटतं, या मालिकेच्या इतिहासातलं सर्वात महत्त्वाचं पान लग्नाचं नाही, हे आहे. नव्या प्रेक्षकाने लग्नाचा भाग जरूर बघावा, पण हे ठाऊक असताना बघावा. जिनी फ्रान्सिस यांनी पुढे या कथानकाबद्दलची अस्वस्थता मुलाखतींमध्ये उघड बोलून दाखवली. मालिकेनेही १९९८ मध्ये हा विषय पुन्हा उकरला: एलिझाबेथ वेबर या मुलीवर बलात्कार होतो, ल्यूक-लॉराचा मुलगा लकी तिला आधार देतो, आणि मग त्याला आपल्या बापाने काय केलं होतं ते कळतं. बाप-लेकातले ते प्रसंग अतिशय ताकदीचे आहेत. चूक सावरायला एकोणीस वर्षं लागली. आणि तितकी वर्षं चालणाऱ्या मालिकेलाच ते शक्य होतं.

पायरी ६ : रडायची तयारी ठेवून नव्वदचं दशक

वेळ कमी असेल तर बाकीचं सोडा आणि १९९४-९५ बघा. निर्मात्या वेंडी रिच, मुख्य लेखिका क्लेअर लाबिन. हेरगिरी बाजूला पडली आणि रुग्णालय पुन्हा मध्यभागी आलं.

१९९४ मध्ये बीजे नावाची छोटी मुलगी शाळेच्या बसला झालेल्या अपघातात जाते. तिची चुलत बहीण मॅक्सी त्याच वेळी हृदयविकाराने मरणाच्या दारात असते. बीजेचे आई-वडील मुलीचं हृदय पुतणीला देतात. नंतर बाप, डॉ. टोनी जोन्स, मॅक्सीच्या छातीवर डोकं टेकवून ते ठोके ऐकतो. पार्श्वभूमी काही माहीत नसली तरी हा प्रसंग गळ्याशी येतो. त्याच वर्षी डॉ. मोनिका क्वार्टरमेनला स्तनाचा कर्करोग होतो, आणि दोन भागांत बरी होऊन ती पार्टीला जात नाही. उपचार, भीती, नवऱ्याशी बिघडलेले संबंध हे सगळं महिनोन्‌महिने चालतं.

आणि स्टोन. स्टोन केट्स हा तरुण मुलगा १९९५ मध्ये एड्सने मरतो. त्याची प्रेयसी रॉबिन स्कॉर्पिओ एचआयव्ही पॉझिटिव्ह निघते. रॉबिन झालेली किंबर्ली मॅककला १९८५ पासून, अगदी लहान असल्यापासून, याच भूमिकेत होती. प्रेक्षकांनी जिला डोळ्यांसमोर वाढताना पाहिलं तिलाच हा आजार झाला. त्या काळात यामुळे किती घरांत या विषयावर पहिल्यांदा बोलणं झालं असेल, याचा अंदाज करता येतो. रॉबिनला मालिकेने मारलं नाही, हे विशेष. ती औषधं घेत जगली, डॉक्टर झाली, तिचं लग्न झालं, मूल झालं. एड्ससाठी निधी जमवणारा ‘नर्सेस बॉल’ हा गाण्या-नाचण्याचा कार्यक्रमही १९९४ पासूनचा. तो मधे बंद पडला आणि मालिकेच्या पन्नाशीला, २०१३ मध्ये, परत आला.

याच दशकात माफियाही आला. सनी कॉरिंथोस (मॉरिस बेनार्ड) १९९३ मध्ये अवतरला आणि अजून गेलेला नाही. १९९५ च्या शेवटी सज्जन वैद्यकीय विद्यार्थी जेसन क्वार्टरमेनच्या मेंदूला अपघातात इजा झाली, त्याची स्मृती गेली, त्याने घराणं नाकारलं आणि जेसन मॉर्गन हे नाव घेऊन तो सनीचा उजवा हात झाला. तेव्हापासून पोर्ट चार्ल्समध्ये दवाखान्यापेक्षा बंदूक जास्त चालते, अशी जुन्या प्रेक्षकांची तक्रार आहे. ती खरी आहे.

पायरी ७ : घराणी ओळखा, बाकी आपोआप कळेल

वहीत वंशावळ काढा. थट्टा नाही, खरंच काढा. निदान चार घरं:

क्वार्टरमेन: पैसा, रुग्णालयात वजन, आणि जेवणाच्या टेबलावर भांडण. दरवर्षी थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातल्या सणाला यांच्या टर्कीचं काहीतरी बिनसतं आणि शेवटी पिझ्झा मागवला जातो.

स्पेन्सर: ल्यूक, त्याची बहीण बॉबी, तिची मुलगी कार्ली. गरिबीतून आलेले, बिनधास्त.

कॅसाडाइन: बेटावरच्या वाड्यात राहणारे खानदानी खलनायक. मेले तरी परततात.

वेबर आणि स्कॉर्पिओ-जोन्स: डॉक्टर, पोलीस आणि हेर. रॉबर्ट स्कॉर्पिओ आणि ॲना डिव्हेन ही हेरांची जोडी ऐंशीच्या दशकातली, आणि रॉबिन त्यांची मुलगी.

सनीची मुलं कुणाकुणापासून आहेत ते लगेच समजून घ्यायच्या फंदात पडू नका. जिन्याने वर गेलेलं सहा वर्षांचं पोर खाली उतरताना सोळा वर्षांचं होऊन येतं, त्याचंही आश्चर्य मानू नका. आपल्या मालिका सगळ्यांना एकदम लीप देतात. इथे फक्त मुलांना मिळतो, आईबाप आहेत त्याच वयाचे राहतात.

पायरी ८ : चेहरा एक, माणसं तीन

नवखे इथेच गडबडतात, आणि पडद्यामागे बघण्याचा नियम इथेच सर्वात जास्त कामाला येतो.

आधी सोपं उदाहरण. कार्ली १९९६ पासून आजवर चार अभिनेत्रींनी केली; २००५ पासून लॉरा राइट करते. नव्या चेहऱ्याला सगळे ‘कार्ली’ म्हणतात, विषय संपला. जेसनचं प्रकरण अवघड. स्टीव्ह बर्टन २०१२ मध्ये गेले, २०१४ मध्ये बिली मिलर जेसन म्हणून आले, आणि २०१७ मध्ये बर्टन परतले. आता एका पात्राला दोन नट! तोडगा काय, तर मिलर यांचा जेसन म्हणजे जेसनच्या आठवणी डोक्यात भरलेला त्याचा जुळा भाऊ ड्रू. हे वाचून हसू आलं असेल तर तुम्ही योग्य मालिका निवडली आहे.

सर्वात मजेशीर प्रकरण कोर्टामुळे घडलं. एप्रिल २०११ मध्ये एबीसीने ‘ऑल माय चिल्ड्रन’ आणि ‘वन लाइफ टू लिव्ह’ या दोन जुन्या मालिका बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुढच्या जानेवारीपासून वाहिनीवर ‘जनरल हॉस्पिटल’ ही एकटीच सोप उरली आणि सूत्रं ‘वन लाइफ’चे निर्माते फ्रँक व्हॅलेंटिनी यांच्याकडे आली. त्यांनी आपल्या जुन्या मालिकेतली काही पात्रं नटांसकट पोर्ट चार्ल्समध्ये आणली. पण त्या पात्रांचे हक्क प्रॉस्पेक्ट पार्क या कंपनीने घेतले होते. वाद कोर्टात गेला. पात्रं काढावी लागली, नट मात्र एबीसीच्या करारात होते. म्हणून २०१३ मध्ये तेच नट नव्या नावांनी परत आले. रॉजर हॉवर्थ टॉडचे फ्रँको झाले आणि पुढे ऑस्टिन. मायकल ईस्टन मॅकबेनचे सायलस झाले आणि पुढे फिन. त्याआधी ‘पोर्ट चार्ल्स’ या जोडमालिकेत (१९९७ ते २००३) ते व्हॅम्पायर होते, ते वेगळंच. आणि फ्रँको ही भूमिका २००९ मध्ये सिनेमातला नट जेम्स फ्रँको याने केली होती. गावात कुणीही कुणाला ‘तुझा चेहरा ओळखीचा वाटतो’ असं फारसं म्हणत नाही.

मोठे झालेले चेहरे शोधायचे असतील तर १९८१ ते ८४ चे भाग चाळा: गायक रिक स्प्रिंगफील्ड डॉ. नोआ ड्रेक म्हणून, डेमी मूर पत्रकार म्हणून, जॉन स्टॅमोस भुरटा पोरगा म्हणून. रिकी मार्टिनही १९९४ ते ९६ इथेच होता.

पायरी ९ : आता बघायला बसा

अमेरिकेत असाल तर एबीसीवर दुपारी, नाहीतर दुसऱ्या दिवशी हुलू या स्ट्रीमिंग सेवेवर. जुने तुकडे यूट्यूबवर चाहत्यांनी चढवलेले सापडतात. दर्जा व्हिडिओ कॅसेटचा असतो, पण बीजेचं हृदय आणि स्टोनचा निरोप त्यातही पोचतो.

सुरुवात नोव्हेंबरात केलीत तर उत्तम. फेब्रुवारी, मे आणि नोव्हेंबर हे प्रेक्षकसंख्या मोजायचे महिने. जाहिरातींचे दर त्यावर ठरतात. म्हणून लग्नं, स्फोट, अपहरणं आणि मेलेल्यांचं परतणं याच महिन्यांत ओतलं जातं. ल्यूक-लॉराचं लग्न नोव्हेंबरात होतं, ते काही पंचांग बघून नव्हे. वर थँक्सगिव्हिंगचा क्वार्टरमेन भागही मिळतो, ज्यात एका टेबलाभोवती निम्मं गाव दिसतं आणि कुणाचं कुणाशी पटत नाही ते तासाभरात कळतं.

पहिले दोन आठवडे निवांत बघा, काही समजलं नाही तरी थांबू नका. एका वेळी चार-पाच ट्रॅक चालू असतात. त्यातला एक निवडा, शक्यतो ज्यात वयस्क पात्रं आहेत असा, कारण जुना इतिहास तेच बोलून दाखवतात. ट्रेसी क्वार्टरमेन (जेन एलियट, १९७८ पासून) पडद्यावर असेल तर चॅनेल बदलू नका. मंगळवार-बुधवार चुकले तरी चालतं, गोष्ट फारशी हलत नाही. शुक्रवार मात्र चुकवायचा नाही. दार उघडतं, कुणीतरी आत येतं आणि चेहरा दाखवायचा तो सोमवारी.